कनकलताबाईंचं कप्पल

आठवडाभर कनकलताबाईंच्या तोंडात टाचण्या असतात. त्यामुळे गिऱ्हाईक बायकांचा समज असा, की ही बाई म्हणजे गरीब गाय, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तंजावरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा सोपा: दोन मशिनी, कापायचं लांब टेबल आणि आरशाच्या कडेला अडकवलेली टेप. गळा किती खोल हवा हे बाई बोटानंच विचारतात, अस्तर लावायचं का हे भुवईनं. उरलेल्या सगळ्या संभाषणाला "हूं" पुरतं.

रविवारी दुपारी मात्र ज्यांनी त्यांना ऐकलंय, ते सांगतील, की आठवडाभर त्या टाचण्या होत्या म्हणून गल्ली वाचली. जेवणं आटोपली की टेबल भिंतीला लागायचं, चटया पडायच्या, टीव्ही सुरू व्हायचा आणि बाई 'कप्पल' सांगायच्या.

कप्पल म्हणजे तमिळमध्ये जहाज. अमेरिकेतली मालिका होती ती, आकाशात ग्रहाग्रहांवर हिंडणाऱ्या एका जहाजाची. तमिळ आवाज चढवून इकडे आली तेव्हा तिचं नाव चांगलं ऐसपैस होतं, नक्षत्रक्कप्पल. गल्लीनं नक्षत्र गाळलं आणि कप्पल ठेवलं. तेव्हा जी पोरं चटईवर लोळत बघायची त्यांची पोरं आता कॉलेजात आहेत. जहाज तेच, कॅप्टन तेवढे बदलत गेले. एक म्हातारा व्हायचा, दुसरा यायचा. पहिल्याचं जहाज दुसऱ्याला, दुसऱ्याचं पुतण्याला, असं करत करत पाचव्या कॅप्टनापर्यंत गाडी आली होती.

सांगायची रीत पडली ती सासूबाईंमुळे. त्यांच्या डोळ्यांना धुरकट दिसायचं. कोपऱ्यात खांबाला टेकून बसायच्या आणि दर दोन मिनिटांनी तंजावरच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारायच्या, "अत्ता काय करतोय तो मेला?" नवी सून काय करील? सांगू लागली. कनकलताबाईंचे आजोबा तिरुवैयारूला मराठी कीर्तनं करायचे आणि लहानपणी ही त्यांच्या मागं झांज धरून उभी असायची. त्यामुळे गोष्ट कुठे लांबवायची, कुठे गप्प बसायचं, रडका प्रसंग आला की त्यात कोणती चहाटळ ओळ घालायची, हे सगळं अंगातच होतं. पडद्यावरचा कॅप्टन नुसताच ताठ उभा असे. बाई सांगत, "रागावलाय. कुक्करची शिटी अडकल्यावर झांकण थरथरतं ना, तसा." जहाजावर एक यंत्राचा माणूस होता, त्याचं इंग्रजी नाव कोणाच्याच जिभेवर बसेना. बाईंनी त्याला तलैयाट्टी करून टाकलं, म्हणजे आपल्या तंजावरची मान डोलवणारी मातीची बाहुली. हिरव्या कातडीचा एक डॉक्टर होता, तो झाला पच्चै वैद्य. पच्चै म्हणजे हिरवा. सासूबाईंचा त्याच्यावर फार जीव. हिरवा असला तरी हाताला गुण अहे, म्हणायच्या.

सांगणं सासूबाईंसाठी होतं, पण ते ऐकायला शेजारच्या बायका येऊ लागल्या, बायकांमागे पोरं. ती पोरं घरी मराठीत काही विचारलं तर तमिळमध्ये उत्तर द्यायची, पण बाईंच्या कप्पलात कधी हसायचं हे त्यांना बरोबर कळायचं.

पुढे सासूबाई गेल्या. टीव्ही मोठा झाला, मग पातळ झाला, मग मालिका थेट फोनवरच यायला लागली. ज्याला हवी त्यानं शुक्रवारीच बघून टाकावी, खाली येणारी अक्षरं वाचत किंवा तमिळ आवाजात, अंथरुणात पडल्या पडल्या. सगळ्यांना सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कनकलताबाईंनी मग सांगायचं काय? तरी त्या सांगत. नवरा, सूर्यनारायणराव, रिमोट घेऊन बसत आणि बायकोचं वाक्य सुरू झालं की चित्र थांबवत. पापनाशमला रेल्वेच्या तिकीटखिडकीवर जन्म गेलेला माणूस. गाडी नेमकी कुठे थांबवायची याचं त्यांना भारी समाधान. चटईवरची माणसं जांभया देत, फोन चाळत, पण बसत.

कनकलताबाई भोळ्या नव्हत्या. ही मंडळी कप्पलासाठी येतात, आपल्यासाठी नाही, हे त्यांनी मनात कधीच ओळखलं होतं. कप्पल आहे तोवर रविवार आहे. कप्पल संपलं की आपल्या सांगण्याला कोण विचारतो? हे त्या कोणाला बोलल्या नाहीत. बोलणार कधी? सोमवार ते शनिवार तोंड भरलेलं.

आणि कप्पल संपलंच. पाचवा कॅप्टन अगदीच मिळमिळीत निघाला होता, दर भागात डोळे पुसायचा. कंपनीनं जाहीर केलं, की आता बास, हा शेवटचा भाग. त्या रविवारी चटया पुरेनात. सूर्यनारायणरावांची थोरली बहीण राजमक्का तिरुवैयारूहून बस पकडून आली. जहाज एका मोठ्या प्रकाशात शिरलं, पडदा पांढरा झाला, नावं वर सरकू लागली. आणि कनकलताबाई उठल्या. त्यांनी काय केलं ते त्यांनाही नंतरच कळलं. कीर्तन संपलं की आजोबा मंगळ गायचे, तसं त्यांनी मंगळ गायलं. खड्या आवाजात. त्यांनी सुरू केलं म्हणून बायकांनी साथ धरली. कोणी तरी कापूर लावला, टीव्हीला आरती ओवाळली. सेमियाचं पायसम, म्हणजे शेवयांची खीर, वाटलं. बाईंनी शेजारणीला वाटी देताना डोळ्यांना पदर लावला तेव्हा सगळ्यांना वाटलं, कप्पल गेलं म्हणून रडतायत.

दोन महिने रविवार रिकामे गेले. मग एक दिवस चेन्नईहून लेकीचा फोन आला. कीर्तना तिकडे बँकेत नोकरीला. तिनं सांगितलं, की कंपनीनं विचार बदलला. जगभरच्या चाहत्यांनी गळा काढला म्हणून नवी मालिका येते आहे. सहावा कॅप्टन. म्हणजे सहावी, पाचव्याचीच मुलगी.

सूर्यनारायणराव इतके खूश झाले, की त्यांनी रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. पण बातमी तिरुवैयारूला पोचली आणि राजमक्का दुसऱ्याच दिवशी दारात. पाय धुतले, कॉफी घेतली आणि विचारलं, "कनका, मंगळ गाऊन झालं की नाहीं?"

"झालं."

"मग मिटलेल्या पानांत परत भात वाढतांत काय?"

तमिळ मुलखात जेवून केळीचं पान मिटलं की जेवण संपलं, मग वरून अमृत आलं तरी नाही म्हणायचं. आणि मंगळ झाल्यावर तीच कथा पुढे ओढलेली कनकलताबाईंच्या आजोबांच्या घरात कोणी ऐकली नव्हती. टीव्हीपुढं मंगळ गायची चूक तंजावरच्या मराठ्यांखेरीज जगात कोणाच्या हातून व्हायची नाही, पण झाली होती खरी.

"अक्का, मंगळ आपण गायलं," सूर्यनारायणराव म्हणाले. "अमेरिकेंत कोणास ठाऊक अहे?"

"देवास ठाऊक अहे ना? तूं तिकीट फाडलंस की प्रवास झाला, सूर्या. हें तसं नसतं."

गल्लीत दोन तट पडले. शिवायला टाकलेल्या ब्लाऊजसोबत मतंही यायला लागली. एक म्हणे, चालू द्या, आपलं काय जातं. दुसरी म्हणे, पहिल्या तीन कॅप्टनांनंतर त्यात राम उरला नाही, मंगळ झालं ते बरं झालं. तमिळ मुलखात भांडण असं फुगलं की त्याला व्यासपीठ देतात. त्याचं नाव पट्टिमन्द्रम. इकडे एक पक्ष, तिकडे एक, मधोमध निवाडा देणारा नडुवर, समोर हसायला आणि टाळ्यांना गाव. इथल्या मराठी कुटुंबांचा वर्षाचा मेळावा तोंडावर होता, त्यातच हे घ्यायचं ठरलं. विषय: कप्पल चालावं की थांबावं? चालावं म्हणायला सूर्यनारायणराव. थांबावं म्हणायला, कोणाला वाटलं नव्हतं, कीर्तना. तिनं फोनवरूनच कळवलं, की कप्पलावर आपल्याइतकं प्रेम कोणाचं नाही, म्हणून ते थांबवायचं आपणच बोलणार.

नडुवर अर्थातच कनकलताबाई. आणि राजमक्कानं अट घातली, की निवाडा होईल तो गल्लीनं पाळायचा. थांबावं ठरलं तर रविवारची बैठक बंद, चोरूनमारून नवी मालिका लावणं नाही. सगळे हो म्हणाले. कनकलताबाईंनीही मान हलवली. रात्री त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, की चांगलं बोला.

त्यांना खरं तर खोटा निवाडा द्यायचा मोह झाला होता. 'चालावं' म्हटलं की झालं. मिळमिळीत का असेना, कप्पल असेल, चटया असतील, आपण असू.

मेळाव्याच्या मंडपात अक्का ताट आणि चमचा घेऊन बसली होती. बोलायचं आपल्या मराठीत, तमिळ शब्द आला की ती ताट वाजवणार. निम्मी सभा तेवढ्यासाठीच आली होती.

सूर्यनारायणरावांनी कोट घातला होता. त्यांनी सुरुवात रेल्वेपासून केली. गाडी शेवटच्या स्टेशनला पोचली म्हणून कोणी रूळ उखडत नाही. तीच गाडी डबे धुऊन परत निघते. मग ते शेतावर आले. कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं, भात बुडालं म्हणून आपल्या कावेरीकाठी कोणी पुढचं सांबाचं पीक लावायचं सोडलं का? एक पीक वाईट गेलं, पाचवा कॅप्टन वाईट गेला, म्हणून शेत विकायचं? देवळाचा रथ दर वर्षी त्याच रस्त्यानं त्याच देवाला घेऊन जातो. पुरे झालं असं देवाला कोणी म्हटलंय? शेवटी त्यांनी हुकुमाचं पान टाकलं.

"आपलं तंजावरचं राज्य बुडालं, तेव्हां पण कोणी मंगळ गायलं असेल की नाहीं? मग आपण अजून येथें काय करतोंव?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजमक्का ताटावरून म्हणाली, "जुने भाग परत परत बघतोंव. दुसरं काय." त्यावर त्याहून मोठा हशा पडला आणि सूर्यनारायणराव खाली बसले ते आपण जिंकलो की हरलो याचा अंदाज घेत.

कीर्तना उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची सवय नाही. पहिल्या दोन वाक्यांतच ताट इतकं वाजलं, की लग्नघर वाटावं. ती थांबली, पाणी प्यायली, आणि हळू बोलू लागली. ती म्हणाली, की पहिलं कप्पल कुठे जातंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कॅप्टनालासुद्धा नाही. म्हणून बघावंसं वाटायचं. आताचं कप्पल कुठे जातं? पहिल्या कॅप्टनाच्या घरी. दर भागात कोणी तरी जुना म्हातारा उठून येतो आणि आपण टाळ्या वाजवतो, लग्नात एखादे मामा दिसले की म्हणतो ना, अगं हे अजून आहेत, तसं. मामा आहेत ते ठीक, पण लग्न कोणाचं?

लोक हसले, पण ती हसली नाही.

"मीं एक भाग सांगतें," ती म्हणाली. "अम्मा सांगायची तो."

आणि तिनं दोन सूर्यांच्या ग्रहाची गोष्ट सांगितली. त्या ग्रहावर एक सूर्य मावळला की दुसरा उगवलेलाच. अप्पलम, म्हणजे पापड, वाळत घातलं तर दोन्ही बाजूंनी वाळतं, उलटायला नको, एवढंच काय ते सुख. सावली नाही. कोणाला सावली ठाऊकच नाही, म्हणून तिथली माणसं कधी बसत नाहीत. उभ्यानं जेवतात, उभ्यानं पोरं वाढवतात. कप्पल तिथं उतरतं. कॅप्टनाला काय करावं सुचत नाही, तलैयाट्टी नुसती मान डोलवतो. शेवटी पच्चै वैद्य चार काठ्या रोवतो आणि नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालतो. एक म्हातारी भीत भीत सावलीत पाय ठेवते. ओलं आहे का बघते. मग बसते. आयुष्यात पहिल्यांदा बसते.

कीर्तना अडखळत होती, मधेच तमिळ येत होतं, पण अक्काचा चमचा मांडीवरच राहिला. मंडपात टीव्ही नव्हता, पडदा नव्हता, आणि फोन एकाच्याही हातात नव्हता. गल्लीतली ती कॉलेजातली पोरंसुद्धा मान पुढं काढून ऐकत होती.

"चेन्नईस गेल्यावर मीं तो भाग परत बघितला," ती म्हणाली. "झावळ्या नव्हत्याच. पॅराशूट होतं. म्हातारी पण नव्हती, एक शिपाई होता. अम्मानं बदललं होतं सगळं. मज अजून झावळ्याच दिसतांत." मग बापाकडे वळून म्हणाली, "म्हणून सांगतें अप्पा, थांबूं द्या त्यांस. त्यांच्याजवळ झावळ्या नाहींत."

ती बसली. टाळ्या जरा उशिरानं आल्या.

कनकलताबाईंसमोर माईक होता. त्यांनी लेकीकडे बघितलं. पॅराशूटच्या झावळ्या केल्याचं त्या स्वतः विसरून गेल्या होत्या. सासूबाईंना पॅराशूट कसं समजवायचं म्हणून केल्या असतील. पण आत्ता या माणसांनी जे ऐकलं, ते पडद्याशिवाय ऐकलं, एवढं त्यांना दिसलं. त्यांनी घसा साफ केला.

"कंपनीनं थांबावं," त्या म्हणाल्या. "कप्पलास खिडकी अहे, पण बाहेर कोणी बघत नाहीं. सगळे आंत बसून आज्याची तसबीर पुसतांत. चांगल्या गोष्टीस असं वागवूं नये. आमच्या घरचं मंगळ खरं, अक्का. पान मिटलं."

सूर्यनारायणरावांचा चेहरा बघवत नव्हता. कोणी तरी विचारलं, की मग रविवार? अट म्हणजे अट, बाई म्हणाल्या, आणि पोळ्या वाढायला आत निघून गेल्या. आत जाऊन त्यांनी उगाचच रसमची पातेली इकडची तिकडे केली. कीर्तनानं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली. बोलायचं कोणत्या भाषेत हे अजून ठरायचं होतं.

पुढच्या रविवारी जेवणं झाली. टेबल जागचं हललं नाही. सूर्यनारायणरावांनी टीव्हीवर जुनं धोतर घालून ठेवलं होतं, बघायचा मोह नको म्हणून. कनकलताबाई एका बाहीची उसवण काढत बसल्या होत्या. दारात चपला वाजल्या. राजमक्का.

बसची सवय झाली अहे, ती म्हणाली, आणि खांबाला टेकून बसली. पाठोपाठ शेजारीण आली, काही तरी विचारायला म्हणून, आणि विचारायचं विसरून बसली. मग आणखी दोघी. मग कॉलेजातली ती पोरं, दारातच घुटमळत. चटई कोणी घातली ते कळलं नाही.

कनकलताबाई म्हणाल्या, की अहो, बंद आहे ना? नवं काही बघायचं नाही म्हणून ठरलंय.

"बघायचं नाहीं," राजमक्का म्हणाली. "मीं कोठें बघायला आलें? मंगळ त्यांच्या कथेचं झालं. तुझा आजा काय एकाच कथेवर जन्मभर जगला? दुसरी लाव. दोन महिन्यांवर दिवस झाले, कप्पल कोठें अहे सांग."

बाईंनी बाही बाजूला ठेवली. धोतराखालच्या टीव्हीकडे एकदा बघितलं. ज्या कप्पलाबद्दल बोलायचं त्याचं एकही चित्र आता कोणाकडे नव्हतं. त्या ताठ बसल्या, आणि सांगू लागल्या, की सहाव्या कॅप्टनीला मुळात कॅप्टन व्हायचंच नव्हतं. तिला शिवणकाम येत होतं. अवकाशात जाणाऱ्या माणसांचे अंगरखे सगळे एकाच मापाचे कसे असतील, म्हणून ती तक्रार करायला जहाजावर चढली, आणि तेवढ्यात दार बंद झालं.

अर्ध्या वाटेवर कीर्तनाचा चेन्नईहून फोन आला, व्हिडिओवर. शेजारणीनं तो तांब्याला टेकवून उभा केला. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं. मग राहवेना.

"अम्मा, पच्चै वैद्य कसा अहे ह्यांत? तिसऱ्या कॅप्टनाच्या वेळींच मेला ना तो?"

"तो त्यांच्या कप्पलांत मेला," बाई म्हणाल्या. "आपल्यांत त्यास कोणी मारलं नाहीं."

आणि गोष्ट पुढं निघाली. कप्पलातलं पाणी संपत आलं होतं, अनोळखी ग्रहावर उतरणं भाग होतं. सूर्यनारायणरावांच्या हाताला रिमोटविना चैन पडत नव्हतं. त्यांनी विचारलं, की थांबा घेताय तर फलाट डावीकडं की उजवीकडं?

बाईंनी क्षणभर डोळे मिटून बघितलं. "उजवीकडं," त्या म्हणाल्या. "पण उतरूं नका अजून. खालीं कोण उभं अहे ते आधीं बघूं द्या."